चार नंबरची तुळई

माझी झोळी घोड्याच्या कड्यांना टांगलेली होती. आमच्याकडे नवा पाहुणा आला की बायको हे आधी सांगते आणि मग माझ्याकडे अशी बघते की पुढचं पाहुण्याला आपोआप कळावं. पण गोष्ट खरी आहे. वडील प्राथमिक शिक्षक. तळा गावाहून बदली होऊन या खाडीकाठच्या गावात आले तेव्हा त्यांना राहायला मिळाली ती पाच नंबरची इमारत, म्हणजे इंग्रजांच्या पलटणीची पागा. भिंतीत ओळीने लोखंडी कड्या होत्या. आईने त्यातल्या काहींना कपडे वाळत घालायची दोरी बांधली, आणि कोपऱ्यातल्या दोन कड्यांच्या मध्ये मला.

ही जागा आम्हाला दिली मुकादमांनी. त्यांचं नाव गावात फार थोड्यांना माहीत असेल. बांधकाम खात्याचे मुकादम, म्हणून सगळ्यांचे मुकादम आणि आम्हा पोरांचे मुकादमकाका. खाकी अर्धी चड्डी, कमरेला चाव्यांचा जुडगा आणि हातात वेताची काठी. माणूस इतका सडपातळ, की जुडगा काढून ठेवला तर वाऱ्याने खाडीपलीकडे जाईल असं आई म्हणायची.

पलटण केव्हाच गेली होती. मागे सात दगडी इमारती आणि एक मैदान उरलं. गाव त्याला लाईन म्हणतं. प्रत्येक इमारतीवर पांढऱ्या रंगात नंबर, आणि दर दिवाळीआधी मुकादम तो नंबर स्वतः गिरवायचे. एक नंबर ही पहारेकऱ्यांची खोली, तिथे पोस्ट. दोन नंबर शिपायांची बराक, तिथे शाळा. तीन नंबर दारूगोळ्याचं कोठार, तिथे रेशनचं दुकान. गावाला यात काही वावगं वाटत नव्हतं. जिथे बंदुका ठेवायच्या त्या कोनाड्यात आम्ही दप्तरं ठेवायचो आणि पहारेकऱ्याच्या जाळीच्या खिडकीतून पोस्टमन मनीऑर्डर द्यायचा. मुकादमांचं म्हणणं एकच असायचं.

"इमारत पावसानं मरत न्हाय. कुलपानं मरते."

म्हणून रोज सकाळी ते सातही इमारतींची फेरी करायचे. दार उघडायचं, पुन्हा लावायचं, बिजागरीचा आवाज ऐकायचा, काठीने खांब ठोकायचा आणि पुढे. शाळा भरलेली असली तरीही. वडील फळ्यावर भागाकार मांडत असायचे, दार उघडायचं, मुकादम आत डोकवायचे, दार लागायचं. वडिलांनी एकदा विचारलं, "अहो मुकादम, दार उघडंच आहे, पोरं आत-बाहेर करतायत, मग तुम्ही कशाला?"

"पोरं दार ढकलतात गुरुजी. मी उघडतो."

खात्याची एक नोंदवही होती. तीत प्रत्येक इमारतीपुढे "सध्याचा वापर" असा रकाना. वर्षातून एकदा अलिबागहून साहेब यायचे आणि तो रकाना तपासायचे. इमारत रिकामी दिसली की शेरा पडायचा, आणि असे शेरे साठले की निर्लेखन. म्हणजे इमारत खात्याच्या यादीतून खोडायची, पाडायची आणि दगड-लाकूड विकून टाकायचं. हा शब्द मुकादम तोंडातून काढत नसत. "ते" म्हणायचे. "सहा नंबराचं ते व्हायची पाळी आली हुती गुरुजी."

त्या सहा नंबराची गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेलीय, की माझ्या मुलींना ती माझ्यापेक्षा चांगली येते. सहा नंबर म्हणजे पलटणीचा भटारखाना. तिथला शिवणवर्ग बंद पडला आणि साहेबांचा दौरा दुसऱ्याच दिवशी आला. दुसरा कोणी असता तर रकान्यात शिवणवर्ग लिहून मोकळा झाला असता. मुकादम संध्याकाळी आमच्या दारात उभे राहिले.

"गुरुजी, उद्या रविवार. दुपारी झोपता ना तुमी?"

"झोपतो थोडा."

"मग उद्या सहा नंबरात झोपा."

वडील भिडस्त. गेले चटई घेऊन. भटारखान्याच्या जाड भिंतींत असा गारवा होता, की साहेब आले तेव्हा वडील घोरत होते. मुकादमांनी साहेबांना दारातच थांबवलं, तोंडावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात वाचून दाखवलं, "वापर, शिक्षकांचा विश्रांतीकक्ष." साहेबांनी चपला न वाजवता सही केली.

इथवर ठीक होतं. पण पुढच्या रविवारी मुकादम पुन्हा दारात. "गुरुजी, चटई?"

"अहो, साहेब गेले की आता!"

"साहेब गेले, पन लिवलेलं हाय ना? तुमी घरी झोपलात तर ते खोटं पडतं."

पुढचे सात-आठ महिने वडील दर रविवारी सहा नंबरात झोपायला जात. आई विचारायची, "अहो, तुमची बदली झालीय का तिकडे?" शेवटी तिथे महिला मंडळाचे पापड सुरू झाले तेव्हा कुठे वडिलांची झोप घरी परत आली. तोवर त्यांना घरात झोप येईनाशी झाली होती, ती गोष्ट वेगळी.

कोठाराचा प्रकार उलटा. तीन नंबरात रेशनचं दुकान होतं, पण मुकादम तिथे कोणालाही काडी ओढू देत नसत आणि चपला बाहेर काढायला लावत. पलटणीच्या काळात म्हणे बुटाच्या खिळ्याची ठिणगी उडू नये म्हणून तसा नियम होता, आणि तो त्यांना जुन्या मुकादमाने सांगितला होता. दारूगोळा जाऊन किती पिढ्या झाल्या होत्या. माझ्या आईने विचारलं तर म्हणाले, "वयनी, दारू गेली. नेम गेल्याचं मला कोनी कळवलं न्हाय."

लोक बिचारे चपला काढून तांदूळ आणायचे. नव्याने गावात सून म्हणून आलेल्या बायकांना वाटलं, देवस्थान असेल. एका सकाळी कोठाराच्या उंबऱ्यावर नारळ आणि हळदकुंकू. मग दुसरा नारळ. मी मुकादमांना घाबरलेलं पाहिलं ते त्या दिवशी. दोन्ही नारळ उचलून ते धावत आमच्याकडे आले. "वयनी, हे आत्ताच्या आत्ता फोडा आन् वाटणात घाला! देव बसला की इमारत खात्याची राहत न्हाय. आन् देवाला मी कुठल्या रकान्यात लिवू?" त्या दिवशी आम्ही कोलंबीचं कालवण खाल्लं. उंबऱ्यापाशी त्यांनी पाटी लावली, "हे रेशन दुकान आहे. नमस्कार करू नये." काही म्हाताऱ्या पाटीलाच नमस्कार करून आत जायच्या.

चार नंबरावर मात्र त्यांचा जीव होता. "सगळ्या लेकी सारख्या, पन चार नंबर थोरली," म्हणायचे. पलटणीचा दवाखाना होता तो. लांबलचक व्हरांडा, सागवानी खांब, वर कौलं, आणि मधल्या मोठ्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच तुळई. मुकादम खात्यात बिगारी म्हणून लागले तेव्हा पहिलं काम मिळालं ते याच छपराची कौलं परतायचं, आणि त्यानंतर दर उन्हाळ्यात ती कौलं त्यांच्याच हाताने परतली गेली. दवाखाना, मग मीठ खात्याचं ऑफिस, मग पूर आला तेव्हा लोकांचा निवारा, मग तालीम, असं काहीबाही तिथे होत राहिलं. शेवटी अंगणवाडी आली.

त्या अंगणवाडीची सेविका म्हणजे माझी बायको. लग्न झालं तेव्हा मी अलिबागला एका कॉलेजात कारकून होतो, अजूनही आहे. बायको शिकलेली आणि कामाची. माझ्यातल्या दोन्ही उणिवा एकदम भरून निघाल्या. आम्ही लाईनीच्या मागे घर बांधलं. पागा सुटली, कड्या तिथेच राहिल्या. आता पाच नंबरात पाहुण्यांची राहण्याची सोय आहे. मुंबईहून लोक येतात आणि त्या कड्यांचे फोटो काढतात. माझ्या झोळीचं मी तिथल्या मालकाला एकदा सांगितलं. तो म्हणाला, "भारी स्टोरी हाय सर, पन घोड्यांचीच ठेवू."

मुकादम केव्हाच निवृत्त झाले होते. खात्याची नोंदवही खात्यात गेली, तेव्हा त्यांनी दुकानातून शंभर पानी वही आणली आणि तसेच रकाने आखले. सकाळची फेरी चालूच. चाव्या आता त्यांच्याकडे नव्हत्या, तरी ते प्रत्येक दाराशी जाऊन कुणाला तरी उघडायला लावत. अंगणवाडीत येऊन पोरांच्या मधून वाट काढत खांब ठोकायचे. पोरं त्यांच्यामागे पट्ट्या घेऊन भिंती ठोकत फिरायची. बायको वैतागायची, "काका, मी यांना कविता शिकवतेय!"

"शिकव की सूनबाई. मला काय ऐकू येतं?"

हे विनोदाने म्हणायचे, पण खरं होत चाललं होतं. चहा घेणार का, हे दोनदा विचारावं लागायचं.

काही वर्षांपूर्वी खात्याने या सगळ्या इमारतींची पाहणी ठरवली. ज्या वापरात आहेत त्या ठेवायच्या आणि दुरुस्त करायच्या. ज्या वापरात नाहीत त्यांचं "ते" करायचं. गावाला आनंदच झाला. एक नंबरात पोस्टाच्या जागी सरबताचं दुकान होतं, तीन नंबरात गणपतीच्या मूर्तींचे साचे, बाकी सगळीकडे कोणी ना कोणी होतंच. चार नंबरात तर वीसेक पोरं. आम्ही निर्धास्त होतो.

पाहणी शुक्रवारी होती. बुधवारी दुपारी मुकादम माझ्या घरी आले आणि माझा हात धरून मला चार नंबरात घेऊन गेले. पोरं घरी गेली होती. त्यांनी काठीला दुसरी काठी बांधून आणली होती. तिने वरची तुळई ठोकली. एका टोकाला, मग मध्ये.

"ऐकलंस?"

मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. पण मला शाळेत गाण्याच्या तासाला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, त्यामुळे माझ्या कानाचा काय भरवसा.

"मधी पोकळ बोलते," ते म्हणाले. "वाळवी हाय आत."

"वरून तर काही दिसत नाही काका."

"वाळवी वरनं कवा दिसली?"

मी म्हटलं सुताराला दाखवू. सुतार लेकीच्या सासरी रेवसला गेला होता, सोमवारी येणार होता. मग मी माझं शहाणपण काढलं. म्हटलं, "काका, परवा पाहणी आहे. तोवर कुठे बोलू नका. वापर चालू म्हणून लागू दे, म्हणजे दुरुस्तीचे पैसे येतील आणि तुळईही बदलून मिळेल. इतकी वर्षं राहिलीय, दोन दिवस राहील की."

"सुतार सोमवारी यील," ते म्हणाले. "पोरं उद्याच येतील."

"आणि पाहणीत रिकामी दिसली तर? मग काय होईल ठाऊक आहे ना तुम्हाला?"

त्यांना ठाऊक होतं. त्या गावात ते सगळ्यात जास्त त्यांनाच ठाऊक होतं. व्हरांड्याच्या पायरीवर ते जाऊन बसले. मी बोलत होतो, ते खांबाला हात लावून बसले होते.

गुरुवारी सकाळी बायको कामावर गेली तेव्हा चार नंबरच्या दाराला बाहेरून खुर्ची लावलेली आणि मुकादम व्हरांड्यात पोरांच्या वजनाचा काटा उचलत होते. छोट्या खुर्च्या, चटया, खिचडीचं पातेलं, सगळं त्यांनी एकट्याने शाळेच्या ओसरीत नेऊन ठेवलं होतं. त्या वयात! बायको भडकली. "काका, मला विचारलंत का? वरून पत्र यायला लागतं जागा बदलायला!"

"पत्र मागनं यील सूनबाई. तू पोरं घे."

मी तिला वाळवीचं सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे वळली, "तुम्हाला कालपासून माहीत होतं?" मी वजनाचा काटा उचलला आणि शाळेकडे निघालो.

शुक्रवारी इंजिनीअर आला. तरणा पोरगा, हातात टॅबलेट, घामाघूम झालेला. सरबताच्या दुकानापासून सुरुवात करून तो चार नंबरापाशी आला. मी तयारीनिशी पुढे झालो. "इथे अंगणवाडी आहे साहेब. आज मुलं जरा शाळेत गेलीत, कार्यक्रम आहे."

"म्हणजे युजमध्ये आहे ना?" त्याने बोट टॅबलेटवर धरलं. त्यालाही "हो"च हवं होतं. "नाही"साठी त्याला जास्त रकाने भरावे लागणार होते.

मुकादम मागून पुढे आले. वही उघडलेली होती.

"वापर न्हाय साहेब."

"काका!" मी म्हणालो.

"परवापर्यंत हुता. कालपासनं न्हाय."

"आजोबा, हे म्हणतायत अंगणवाडी आहे. मी काय टाकू?"

"तो गुरुजींचा पोर हाय," मुकादम म्हणाले, "बोलताना जरा पुढं जातो. तुमी टाका, वापर न्हाय. तुळई धोक्याची हाय, आत कोनी जायचं न्हाय."

इंजिनीअरने बोट खाली टेकवलं. इतकंच. मुकादमांनी चार नंबरच्या कडीत दोरी ओवली, गाठ मारली आणि पुढे पाच नंबराकडे चालू लागले. इंजिनीअर त्यांच्या मागे. मी दोरीकडे बघत उभा राहिलो.

त्यानंतर त्यांची सकाळची फेरी सहाच इमारतींची झाली. पावसाळ्यानंतर तब्येत ढासळली तेव्हा मुलगी येऊन त्यांना चौलला घेऊन गेली. मी अर्ज केले, फेरपाहणी मागितली. उत्तर आलं ते निर्लेखनाचं. थंडीत ठेकेदाराची माणसं आली.

घरी ही गोष्ट सांगताना मी इथे तुळई खाली आणतो, ती चिरून दाखवतो आणि आतून भसाभस भुसा काढतो. मुली "ई" म्हणतात. बायकोलाही मी हेच सांगितलंय. आता ती हे वाचेल तेव्हा वाचेल.

तुळई खाली उतरवली तेव्हा मी तिथे होतो. ठेकेदाराचा सुतार ती मधोमध कापायला बसला. मला राहवेना, मी उगाच एक टोक धरून उभा राहिलो. करवत आत जायला तयार नव्हती. लाकूड लालसर, घट्ट, तेलकट, आणि अख्ख्या मैदानात सागवानाचा वास सुटला. सुतार थांबून घाम पुसत म्हणाला, "कुनी पाडायला लावली ही? आमची नातवंडं म्हातारी झाली असती हिच्याखाली."

मी तसाच स्कूटर काढून चौलला गेलो. वाटेत रेवदंड्याला चहा घेतला, कारण काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. चहानंतर ठरलं.

मुकादम सुपारीच्या वाडीतल्या घरात, पडवीत खाटेवर पडलेले होते. मला बघून उठून बसले.

"उतरली?"

"उतरली काका."

"तुळई?"

"भुसा!" मी मोठ्याने म्हणालो, त्यांना ऐकू यावं म्हणून. "मध्ये पार पोकळ. तुमचं बरोबर होतं. एखाद-दोन महिन्यांत बसली असती."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हात पुढे करून त्यांनी माझी बाही झटकली. तिच्यावर करवतीचा बुक्का होता, मला भानच नव्हतं. चिमटीत आलेला बुक्का त्यांनी बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि हात मांडीवर ठेवला. मुलगी चहा घेऊन आली, ठेवून गेली. चहावर साय धरली.

"उशाखाली वही हाय," ते म्हणाले. "काढ. लिही चार नंबर."

मी वही काढून त्यांच्यापुढे धरली. "तुम्हीच लिहा काका. इतकी वर्षं तुमचंच अक्षर आहे."

"न्हाय. हे माझ्या हातानं न्हाय यायचं. तू सांगितलंस, तू लिही. आन् खाली सही पन तुझीच कर."

मी लिहिलं. "इमारत क्रमांक चार. तुळई वाळवीने पोखरलेली आढळली." सही केली. माझी सही एरवीही वाकडीच येते. त्यांनी वही घेतली, न वाचता मिटली आणि परत उशाखाली सरकवली.

"खाली पोरं बसत हुती रे," ते म्हणाले.

"हो काका."

"मग झालं," म्हणाले आणि कुशीवर वळले.